दुसरा दोर

आपल्या भाषेत 'उचलणे' हे मोठे अजब क्रियापद आहे. आपण पोते उचलतो आणि पालखीही उचलतो. पैजेचा विडा उचलतो आणि शपथेचा बेलभंडाराही उचलतो. हातावर पोट असलेला मजूर मुकादमाकडून उचल घेतो, आणि ती फिटेपर्यंत त्याचा सबंध हंगामच मुकादमाने उचललेला असतो. रडणाऱ्या तान्ह्याला आई उचलून घेते. शेवटच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला चौघे उचलतात. शब्द एकच, पण उचलणाऱ्याच्या मनात काय चालले आहे ते प्रत्येक ठिकाणी निराळे. पोते उचलताना माणूस आपल्या कमरेचा विचार करतो. मूल उचलताना मुलाच्या मानेचा. भाषेने दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला, कारण उचलणाऱ्याला यांतला फरक कळतो अशी तिची खात्री असावी.

ही खात्री आपल्या काळात कितपत उरली आहे, असा प्रश्न मला अलीकडे पडू लागला आहे. माणसाला उचलणे आणि वस्तूला उचलणे यांत नेमका फरक कोणता? आणि तो फरक ध्यानात ठेवण्याची जबाबदारी कोणाची? उचलणाऱ्याची, उचलल्या जाणाऱ्याची, की दोघांना त्या कामाला लावणाऱ्याची? नीतिशास्त्राचा हा प्रश्न मी ग्रंथालयाऐवजी एका गोदामात नेणार आहे, याबद्दल दिवाळीच्या वाचकांनी मला क्षमा करावी. फराळाच्या ताटाशेजारी यंत्राची गोष्ट शोभत नाही, हे मलाही मान्य आहे. पण ताटातल्या लाडवाचा रवा, त्यातली साखर आणि तुपाचा डबा बहुधा कोठल्या तरी गोदामात याच यंत्राने उचललेला असतो. तेव्हा पंगतीच्या कडेला बसण्याचा त्याला थोडाफार हक्क पोचतो.

मी म्हणतो ते यंत्र म्हणजे फोर्कलिफ्ट. भिवंडीच्या गोदामांत, न्हावा-शेव्याच्या बंदराभोवती, शीतगृहांत, कारखान्यांच्या आवारांत ते आता सगळीकडे दिसते. पुढे दोन लोखंडी काटे, ते वरखाली नेणारा उभा सांगाडा, मध्ये चालकाची बैठक आणि मागे एक जडशीळ वजन. काटे लाकडी पॅलेटखाली घालायचे आणि एक दांडा ओढायचा; तेलाच्या दाबाने टनावारी माल अलगद वर जातो. पूर्वी हाच माल माणसांच्या माथ्यावरून जात असे. 'माथाडी' हा शब्दच त्यातून आला, आणि त्या माथ्यांवर कायद्याचे छत्र यायला महाराष्ट्रात १९६९ साल उजाडावे लागले. ते ओझे यंत्राने आपल्या अंगावर घेतले हे चांगलेच झाले. यंत्राविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती अशी, की माणसाच्या माथ्यावरचे ओझे उतरले आणि मग कधी कधी ओझ्याच्या जागी माणूसच जाऊन उभा राहिला.

हे घडते ते फार साधेपणाने घडते. वरच्या फळीवरचा एकच खोका हवा असतो. छताचा दिवा गेलेला असतो. पन्हळीत कबुतराने घरटे केलेले असते. शिडी कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. आणि समोर तर एक यंत्र उभे असते, ज्याचे कामच वर नेणे हे आहे. मग कोणीतरी म्हणतो, "दादा, मला जरा वर घ्या की. दोन मिनिटांचे काम आहे." चालक काटे खाली आणतो, त्यांवर एक रिकामे पॅलेट सरकवतो, माणूस त्यावर उभा राहतो आणि वर जातो. दोन मिनिटांत काम होते. दोघेही हसत आपापल्या वाटेने जातात. यात लोभ नाही, द्वेष नाही, कोणाला फसवणे नाही. उलट शेजारधर्म आहे. म्हणूनच हा प्रश्न मला विचार करण्यासारखा वाटतो. दुष्टाव्यातून होणाऱ्या अपघातांचा निवाडा सोपा असतो. चांगुलपणातून होणाऱ्या अपघातांचा तसा नसतो.

प्रथम यंत्राची बाजू समजून घेऊ. फोर्कलिफ्ट ही मुळात एक तरफ आहे. पुढची चाके हा तिचा टेकू. एका बाजूला काट्यांवरचा माल, दुसऱ्या बाजूला मागचे वजन. बागेतल्या फळीवर दोन टोकांना दोन मुले बसतात, तसेच हे. ३ टन माल उचलणाऱ्या गाडीचे स्वतःचे वजन ४ टनांहून अधिक असते, ते याच कारणासाठी. ती चार चाकांवर उभी दिसते. पण मागचा आस मध्यभागी खिळलेला असल्यामुळे तिचा तोल खरोखर तीन बिंदूंवर, एका त्रिकोणावर सांभाळलेला असतो. माल जसजसा वर जातो, तसतसा तोलाचा बिंदूही वर जातो, आणि जरासा उतार किंवा जरासा धक्का त्याला त्रिकोणाबाहेर ढकलायला पुरतो. जमीन एका बाजूला केवळ १ अंशाने कललेली असली, तरी ४ मीटर उंचीवरचे टोक सुमारे ७ सेंटिमीटर बाजूला गेलेले असते. चालकाला खाली त्याचा पत्ताही नसतो.

आता ३ टन पेलणाऱ्या गाडीला ६० किलोंचा माणूस म्हणजे काय? चालक हाच हिशेब करतो, आणि हिशेब म्हणून तो बरोबरही असतो. पण येथे वजनाचा प्रश्नच नसतो. पोते वर गेले म्हणजे तसेच बसून राहते. त्याला खाली बघून भोवळ येत नाही. शेजारच्या फळीवर काय आहे ते पाहण्याची इच्छा त्याला होत नाही. ते हात लांब करीत नाही. माणूस हात लांब करतो. एक पाऊल कडेला टाकतो, वाकतो, खालच्याशी बोलायला मान वळवतो, आधारासाठी जवळचा सांगाडा धरतो. आणि त्या सांगाड्यातून तर साखळ्या धावत असतात आणि लोखंडावर लोखंड सरकत असते. तेथे गेलेली बोटे परत येतीलच असे नाही. काट्यांवर नुसते ठेवलेले पॅलेट माणसाचे वजन एका कडेला आले की कलंडते, कारण त्याला काट्यांशी कोणी बांधलेले नसते. ४ मीटरवरून पडणारा माणूस १ सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर असतो. म्हणजे चालकाने 'अरे' म्हणेपर्यंत सगळे होऊन गेलेले असते. वर चढलेला माणूस ओझ्यासारखा निश्चल राहिला असता तर बहुधा वाचला असता. तो पडतो, कारण तो ओझे नाही. माणसाला ज्या गुणांमुळे आपण माणूस म्हणतो, ते पाहणे, हात पुढे करणे, काम पुरे करण्याची घाई, तेच गुण काट्यांवर त्याच्या जिवावर उठतात.

माणूस आणि माल यांतला हा फरक यंत्रविद्येला फार पूर्वी कळला होता. माल वर ओढण्याचे दोर आणि कप्प्या शेकडो वर्षे चालू होत्या. पण त्यांच्या पाळण्यात बसण्याचे धाडस शहाणा माणूस सहसा करीत नसे. दोर तुटला तर माल गेला, एवढीच मालाची कथा असते. अमेरिकेतील योंकर्स येथे पलंगांच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या एलिशा ओटिस या कारागिराने या पाळण्याला एक युक्ती जोडली. दोराचा ताण नाहीसा झाला की एक स्प्रिंग मोकळी होऊन दोन्ही बाजूंच्या खांबांच्या दात्यांत अडकेल आणि पाळणा जागच्या जागी थांबेल. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ओटिस स्वतः त्या पाळण्यात उंच उभा राहिला आणि लोकांसमक्ष त्याने दोर तोडायला लावला. पाळणा किंचित खचला आणि थांबला. १८५७ साली त्याच शहरातल्या एका दुकानात माणसे वाहणारा पाळणा सुरू झाला. आज आपण विसाव्या मजल्यावर निर्धास्तपणे जातो, ते त्या दोर तुटण्याच्या क्षणाचा विचार कोणीतरी आधी करून ठेवला म्हणून. मालाचा पाळणा आणि माणसाचा पाळणा यांत फरक काय, तर दुसऱ्यात दोर तुटेल असे गृहीत धरलेले असते.

आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही हाच विचार होता. माल उचलणाऱ्या यंत्रांची कसून तपासणी १२ महिन्यांतून एकदा व्हावी, असे त्यात सांगितले होते. उद्वाहनांची मात्र ६ महिन्यांतून एकदा. आणि माणसे नेणारा पाळणा दोराला किंवा साखळीला टांगलेला असेल, तर असे निदान दोन दोर असले पाहिजेत आणि त्यांतला प्रत्येक दोर एकट्याने सगळा भार पेलणारा असला पाहिजे, अशी त्यात तरतूद होती. २०२० साली संसदेने त्या कायद्याच्या जागी नवी संहिता मंजूर केली. कायद्यांची नावे बदलत असतात. पण या दोन दोरांच्या कलमात मला एक संपूर्ण नीतिशास्त्र दिसते. एक दोर पुरेसा आहे हे सिद्ध झाले तरी दुसरा हवा! व्यवहाराच्या दृष्टीने ही उधळपट्टी आहे. पण कायदा म्हणतो, आत माणूस आहे ना, मग ही उधळपट्टी केलीच पाहिजे.

ती का करावी, याचे कारण कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली फार नेमकेपणाने मांडले आहे. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की जगात काही गोष्टींना किंमत असते आणि काहींना प्रतिष्ठा असते. जिला किंमत असते तिच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी ठेवता येते. जिला प्रतिष्ठा असते तिच्या जागी काहीच ठेवता येत नाही. साखरेचे पोते फुटले तर दुसरे आणता येते, आणि तेवढ्याने प्रकरण मिटते. माणसाच्या बाबतीत आपण 'नुकसानभरपाई' हा शब्द वापरतो खरा, पण तो उच्चारताना आपल्यालाच संकोच होतो, कारण भरपाई कशाची होत नसते ते आपल्याला ठाऊक असते.

या ठिकाणी मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. उमेदीची काही वर्षे मी एका कारखान्याच्या भांडारात हिशेबनीस होतो. खंडेनवमीला तेथे यंत्रांची पूजा होई. लेथला हळदकुंकू, वजनकाट्याला हार, फोर्कलिफ्टच्या काट्यांना झेंडूच्या माळा. एका वर्षी मी चार दिवसांच्या रजेवरून परतलो तेव्हा भांडारात विचित्र शांतता होती. आदल्याच दिवशी गोदामाच्या दारावर तोरण बांधायला एका मदतनीसाला फोर्कलिफ्टवरून वर नेले होते. तोरणाचे एक टोक बांधून झाले. दुसऱ्या टोकासाठी गाडी खाली घेऊन, बाजूला नेऊन, पुन्हा वर न्यायला हवी होती. तो वरूनच म्हणाला, "राहू द्या दादा, पोचतोय हात." हात पोचला, पण त्याच क्षणी पायांखालचे पॅलेट कलंडले. खाली फरशी होती. खुब्याचे हाड मोडले. आठ महिन्यांनी तो परत आला तेव्हा एका पायाने ओढत चालत होता. पुढे त्याला फाटकावर नोंदवही सांभाळायला बसवले.

चौकशीच्या जबान्या उतरून घेण्याचे काम माझ्याकडे आले. चालक म्हणाला, "तोच म्हणाला वर घ्या म्हणून. मी कशाला जबरदस्ती करू?" पर्यवेक्षक म्हणाला, "मी पूजेच्या तयारीत होतो, मला कोणी विचारले नाही." शिडी होती का? होती, कुलूपबंद खोलीत होती, आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो गावी गेला होता. शेवटी मी इस्पितळात त्या मदतनीसाकडे गेलो. तो उशीला टेकून पडला होता. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, "माझीच चूक झाली, साहेब. मीच चढलो. दादांना काही करू नका." निष्कर्ष वरून ठरून आला. 'कामगाराचा निष्काळजीपणा.' चार जबान्यांपैकी तीन जबान्यांत प्रत्येकाने जबाबदारी अंगावेगळी केली होती आणि एकात एकट्याने ती सगळी अंगावर घेतली होती. चौकशीला हे फारच सोयीचे पडले. चौथ्याने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. पण त्याने खरे सांगितले असेही मला आजवर वाटलेले नाही.

'तो स्वतःच चढला' या वाक्यात एक मोठा युक्तिवाद दडलेला आहे. माझे एक स्नेही तो फार जोरात मांडतात. ते म्हणतात, "सज्ञान माणूस आपल्या जिवाचा मालक असतो. त्याला धोका दिसत होता, त्याने तो पत्करला. तुम्ही त्याला लहान मुलासारखे जपायला निघालात तर त्याच्या माणूसपणाचाच अपमान करता. आणि धोका म्हणाल तर गोकुळाष्टमीला आमची पोरे थरावर थर रचतात! त्यांच्यासाठीही पिंजरे करणार का?"

स्नेह्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. संमती ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण संमतीने चढणाऱ्याची जबाबदारी सुरू होते, उचलणाऱ्याची संपत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण कागदावर सही करतो. म्हणून शल्यवैद्य हात धुवायचे सोडून देत नाही. शिवाय संमती ज्याची द्यायची ते माहीत असावे लागते. त्या मदतनीसाला आपला हात किती लांब पोचतो ते माहीत होते. पॅलेटच्या कडेवर किती वजन सोसते ते माहीत नव्हते. आणि मालकाच्या आवारात, पूजेची वेळ टळत असताना, साहेब पाच मिनिटांत येणार असताना दिलेली संमती कितीशी मोकळी असते, हेही पाहायला हवे. 'चढ' असे कोणी म्हणाले नाही, हे खरे. 'तोरण लागलेच पाहिजे' असे मात्र सगळेच म्हणत होते.

राहिली दहीहंडी. तिच्या थरांच्या उंचीवरून आणि पोरांच्या वयावरून २०१४ पासून न्यायालयांत बराच वाद झाला, आणि ती निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट मला तेथे दिसते, ती फोर्कलिफ्टपाशी दिसत नाही. खालच्या थरातल्या गड्याच्या खांद्यावर वरच्याचा पाय असतो. वरचा थरथरला की खालच्याला ते कळते. वरच्याचा तोल जाऊ लागला की खालचा नकळत खांदा सावरतो. उचलणारा आणि उचललेला यांच्यामध्ये फक्त कातडे असते. फोर्कलिफ्टच्या चालकाच्या हातात दांडा असतो, आणि दांड्याला थरथर कळत नाही. साखरेचे पोते असो की दोन मुलांचा बाप असो, दांडा तितकाच हलका लागतो. यंत्राने आपल्या अंगावरचे ओझे घेतले, पण त्या ओझ्याबरोबर येणारी जाणीवही घेतली आणि ती कोठे ठेवली ते आपल्याला सांगितले नाही. म्हणून जे खांद्याला आपोआप कळत होते, ते आता बुद्धीने लक्षात ठेवावे लागते. कठडा, पट्टा, नियम यांना आपण कंटाळवाणे म्हणतो. वस्तुतः ती गमावलेल्या स्पर्शाची भरपाई आहे.

कुणी म्हणेल, "इतकी वर्षे आम्ही माणसे वर घेतो आहोत, काही झाले नाही." अनुभवाचा हा दाखला मोठा फसवा असतो. दोन चालकांची कल्पना करा. दोघांनीही एकाच सकाळी, एकाच पद्धतीने, एकेका माणसाला काट्यांवर घेतले. पहिल्याचा माणूस दिवा बदलून खाली आला. दुसऱ्याचा पडला. पहिला संध्याकाळी घरी जाऊन निवांत जेवला. दुसरा पोलीसठाण्यात बसला. दोघांच्या कृत्यात फरक काय? काहीच नाही. फरक पडला तो दैवाने. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली या कोड्याची 'नैतिक दैव' अशा नावाने चर्चा केली, आणि दोघांच्याही उदाहरणांत एक मालमोटारीचा चालकच आहे, ही योगायोगाची गोष्ट नसावी. आपण माणसाला त्याच्या कृत्यावरून तोलतो असे म्हणतो आणि प्रत्यक्षात निकालावरून तोलतो. मला वाटते, या कोड्यातून सामान्य माणसाने घ्यायचा बोध सरळ आहे. दुसऱ्या चालकाला कमी दोष द्यावा असा तो नाही. ज्याच्या हातून काही झाले नाही त्या पहिल्याने त्या रात्री इतके निवांत जेवू नये, असा तो आहे. आणि ज्याने त्याला वर घेताना पाहिले आणि मान वळवली, त्यानेही.

आपल्या पुराणांत उचलण्याची एक प्रसिद्ध कथा आहे. त्रिशंकूला सदेह स्वर्गात जायचे होते. वसिष्ठांनी नाही म्हटले. विश्वामित्रांनी हो म्हटले आणि तपाच्या बळावर त्याला वर पाठवले. इंद्राने त्याला खाली लोटले. आपण त्रिशंकूच्या लोंबकळण्याला हसतो आणि विश्वामित्रांच्या हट्टाला नावे ठेवतो. पण त्या कथेतली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. डोके खाली करून तो कोसळू लागला तेव्हा 'तो स्वतःच म्हणाला होता, मला वर न्या' असे विश्वामित्र म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला अधांतरी थोपवून धरले आणि त्याच्यासाठी नवी नक्षत्रे निर्माण करायला घेतली. ज्याला आपण वर नेले त्याचे पडणे हे आपले पडणे, एवढी जाणीव त्या कोपिष्ट ऋषीला होती. तपोबल नसलेल्या आपल्यासारख्यांनी त्यामुळे आधीच विचार करणे बरे. ज्याला कोसळताना थोपवता येणार नाही, त्याने वसिष्ठांसारखे पहिल्यानेच नाही म्हणावे.

पण नाही म्हणायचे कोणी? सगळ्यांत प्रथम चालकाने, हे उघड आहे. दांडा त्याच्या हातात आहे. तथापि सगळा भार त्याच्या त्या एका शब्दावर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. सोबत्याने हसून मागितलेली दोन मिनिटे नाकारणारा चालक सगळ्या गोदामात शिष्ट ठरतो. त्याचा नकार टिकायचा असेल तर त्याच्या पाठीशी काहीतरी उभे असावे लागते, आणि ते 'काहीतरी' म्हणजे भाषण किंवा भिंतीवरचा फलक नव्हे. ते म्हणजे हाताशी असलेली शिडी. ब्रिटनमध्ये कामगार-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सरकारी खात्याचे धोरण असे आहे, की फोर्कलिफ्ट मुळात मालासाठी आहे; तिच्यावर माणूस न्यायचाच तर तो क्वचित, अडीनडीला, काट्यांना पक्क्या जखडलेल्या आणि चारी बाजूंनी कठडा असलेल्या पिंजऱ्यातून, आणि तोवर चालकाने आपली जागा सोडायची नाही. नेहमीच्या कामासाठी त्यासाठीच बनवलेला उंच पाट किंवा मनोरा वापरायचा. या सगळ्याला पैसे पडतात, आणि ते खर्च करणे चालकाच्या हाती नसते. ज्याने मनोरा आणला नाही, शिडी कुलपात ठेवली आणि काम मात्र वेळेवर मागितले, त्याने काट्यांवर कोणालाच चढवले नाही हे खरे. पण चढण्याखेरीज वाटही ठेवली नाही. दोष खालून वर मोजत जाण्याची आपली रीत आहे. तो वरून खाली मोजून पाहिला तर चौकशीचे निष्कर्ष निराळे येतील.

हे सगळे कारखान्याचे झाले, आपला काय संबंध, असे कोणा गृहिणीला वाटले तर मी तिला दोष देणार नाही. पण याच आठवड्यात आपल्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी वर चढलेले असेल. माळ्यावरचा पितळी डबा काढायला, जळमटे झाडायला, नाहीतर सज्जात आकाशकंदील टांगायला. टेबलावर स्टूल, स्टुलावर घरातला एखादा उत्साही मुलगा किंवा रोज कामाला येणाऱ्या मावशी. आणि खाली कोणीतरी स्टूल धरून उभे असते. या स्टूल धरणाऱ्याचे कौतुक कधी होत नाही. फोटो कंदिलाचा निघतो आणि शाबासकी वरच्याला मिळते. याने काहीच केलेले नसते. फक्त दोन्ही हातांनी स्टूल धरलेले असते आणि नजर वर ठेवलेली असते. फोनची घंटा वाजली तरी त्याने हात सोडलेले नसतात. वरचा म्हणतो, "सोड रे, काही होत नाही", आणि हा म्हणतो, "तुझे होऊ दे, मी आहे." वरच्याचा तोल चांगला आहे हे त्याला ठाऊक असते. तो धरतो, कारण वर माणूस आहे.

कायद्याने ज्याला दुसरा दोर म्हटले तो हाच. पहिला दोर बहुधा तुटत नाही. दुसरा दोर बहुतेक वेळा नुसताच टांगलेला असतो आणि हिशेबाच्या वहीत तो वायफळ खर्च म्हणून दिसतो. मावशींना स्टुलावर चढायला सांगून आपण आत फोन घ्यायला जातो, तेव्हा आपणही तो खर्च वाचवलेला असतो. यंदा कंदील टांगताना तेवढी काटकसर करू नये. पाच मिनिटे स्टूल धरून उभे राहावे, आणि काही झाले नाही म्हणजे आपले उभे राहणे फुकट गेले असे समजू नये.